रानातला हिशेबनीस

(गोंडपिपरी येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



स्मृतिव्याख्यानाला मोठा विषय घ्यावा असा रिवाज आहे. मी आज हिशेबाच्या वहीवर बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेच्या सहलीतून उरलेले सव्वा-दीड रुपयेसुद्धा भर वर्गात वाचून दाखवत आणि मगच पुढच्या पानावर ओढत, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

मी वाणिज्य शिकवतो. अलीकडे बी.कॉम., एम.बी.ए. झालेली काही मुले-मुली निकालानंतर भेटायला येतात आणि म्हणतात, ‘सर, बँकेत नाही जायचं. डेव्हलपमेंटमध्ये जायचंय.’ कोणी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेचा फॉर्म भरलेला असतो, कोणाला नेपाळला जायचे असते, कोणाला केनियाला. त्यांच्या घरच्यांचा प्रश्न एकच : पगार किती? मुलांचा प्रश्न वेगळा असतो : डॉक्टर गेला तर औषध देईल, इंजिनिअर गेला तर पूल बांधेल, मी जाऊन काय करू? हा दुसरा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. त्याचे उत्तर नैरोबीला शोधायची गरज नाही. ते आपल्या विदर्भातच, वर्ध्यापासून या तालुक्यातल्या पाचगावपर्यंत सापडते.

आधी वर्ध्याचे सांगतो.

जे. सी. कुमारप्पा हे नाव सर्वोदयी मंडळींना ठाऊक असते, वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना नसते. खरे तर उलट असायला हवे. १८९२ साली तंजावरला जन्मलेला हा माणूस लंडनला जाऊन हिशेब तपासनीस झाला. मुंबईत त्याचा स्वतःचा धंदा होता, अंगावर सूट, साहेबी थाट. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने १९२८ मध्ये सिराक्यूज विद्यापीठाची व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली. आजच्या भाषेत एम.बी.ए.च्या घरातलाच माणूस! तिथून कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकायला गेला. इंग्रजांच्या कारभारात हिंदुस्थानचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. आकडे मांडता मांडता साहेबाच्या राज्याचा ताळेबंदच त्याच्यासमोर उघडा पडला. १९२९ मध्ये तो निबंध घेऊन तो गांधीजींना भेटला आणि मुंबईचा धंदा तिथेच संपला.

गांधीजींनी त्याला चरख्यावर बसवले नाही, पाहणीला पाठवले. गुजरात विद्यापीठाची मुले बरोबर घेऊन त्याने खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात घरोघर आकडे गोळा केले : शेतकऱ्याला काय मिळते, सारा किती जातो, हाती काय उरते. सहानुभूतीने गहिवरलेले लेख त्या काळातही पुष्कळ निघत होते. मातरच्या अहवालात रकाने होते, आणि सरकारला रकान्यांचा त्रास जास्त झाला.

१९३४ च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला. राजेंद्रबाबूंच्या नेतृत्वाखाली मदत समिती उभी राहिली, देशभरातून पैसा आला, आणि तो सांभाळायला कुमारप्पांना बोलावले गेले. त्यांनी स्वयंसेवकाच्या जेवणाखाण्याला दिवसाला तीन आणे ठरवून दिले. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला यायचे होते. कुमारप्पांनी गांधीजींचे चिटणीस महादेवभाई यांना कळवले की या मंडळींच्या खाण्यापिण्याचा आणि गाड्यांचा खर्च भूकंपनिधीतून होणार नाही, तो त्यांनी आपला करावा. बापूंनी कारण विचारले, कारण ऐकले आणि मान्य केले. आपल्याकडे संस्थेत पाहुणा आला की ‘संकीर्ण खर्च’ नावाचे खाते लगेच जाड होते, म्हणून हा किस्सा मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो.

त्याच वर्षी त्याच बिहारमध्ये दुसरा एक माणूस आला होता. पिएर सेरेसोल, स्विस इंजिनिअर. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांची माणसे घेऊन त्याने घरे बांधायला घेतली. तिथून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना वाढली. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवा म्हणून आज जे काही जगभर चालते त्याचा एक जुना झरा हाच. भूकंपानंतर मोजके सहकारी घेऊन सेरेसोल मुझफ्फरपूरच्या भागात आला आणि घरे बांधायला लागला. एका बाजूला कुदळ घेतलेला परदेशी, दुसऱ्या बाजूला खातेवही घेतलेला देशी. वर्तमानपत्रात फोटो पहिल्याचा येतो, हे तेव्हाही तसेच असणार.

या संघटनेचा आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे. पन्नासच्या दशकात तिचे निरनिराळ्या देशांतले तरुण वरोऱ्याला आले, आनंदवनात राहिले आणि तिथल्या दवाखान्याच्या इमारती त्यांनी स्वतः उभ्या केल्या. तेव्हा आनंदवन दोन-चार वर्षांचे पोर होते. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला वरोऱ्यातले लोक कचरत. ही गोरी पोरे तिथेच राहतात, तिथलेच जेवतात, गावात हिंडतात, हे पाहिल्यावर लोकांची भीड चेपली आणि भाजी विकली जाऊ लागली. इमारती त्यांनी बांधल्याच, पण त्यांची खरी कमाई मला ही वाटते की त्यांनी आनंदवनाला गिऱ्हाईक मिळवून दिले. दहा वर्षांच्या भाषणांनी झाले नसते ते काही महिन्यांच्या जेवणाने झाले. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीला आनंदवनाच्याच सोमनाथ प्रकल्पात श्रमसंस्कार छावण्या सुरू झाल्या. त्यांतून आपल्या मराठी मुलांच्या कितीतरी तुकड्या घडल्या.

परदेशी स्वयंसेवकांबद्दल आपल्याकडे दोन टोके आहेत : एक तर ‘देवमाणूस’, नाही तर ‘हेर’. दोन्हीला अपवाद म्हणून एक नाव सांगून पुढे जातो. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’तर्फे लिलियन कार्टर नावाची नर्स १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी मुंबईला आली आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत काम करून गेली. पुढे तिचा मुलगा, जिमी कार्टर, अमेरिकेचा अध्यक्ष झाला. आली तेव्हा ती कोणाची आई म्हणून आली नव्हती, आणि तिची खुर्ची दवाखान्यात होती, व्यासपीठावर नव्हती. पीस कोअरचे भारतातले काम १९७६ मध्ये थांबले.

आता कुमारप्पांकडे परत येऊ, कारण ते इथेच, वर्ध्यात, मुक्कामाला आले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत त्याचा कारभार त्यांनी मांडला. घाणी, हातकागद, गूळ, मधमाशा, सगळ्यांचे खर्चाचे तक्ते. १९३८–३९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली, तिचे ते अध्यक्ष होते. सहाशेच्या वर गावे पाहून समितीने अहवाल दिला. आपला चंद्रपूर, तेव्हाचा चांदा जिल्हा, त्याच प्रांतातला. जंगलाबद्दलचे आपले मत कुमारप्पांनी पुढे स्वच्छ शब्दांत मांडले : सरकारने जंगलाकडे महसुलाच्या नजरेने पाहणे सोडावे, लोकांच्या गरजा काय आहेत त्यावरून जंगलाचा कारभार ठरवावा. महसूल सोडा, असे एक हिशेब तपासनीस सांगतो आहे, हे लक्षात घ्या. महसूल म्हणजे नफा नव्हे, हे त्याला कळत होते, कारण रान संपल्याचा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नव्हता.

तो खर्च कोणी सोसला, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात सवलतीच्या दराने जात राहिला. बुरडाला मात्र तोच बांबू मिळवायला खेटे घालावे लागत. ज्या गावाच्या शिवारात बांबू होता त्या गावाला त्याची किंमत माहीत असायचे कारणच नव्हते, कारण विकणारे ते नव्हते. कटाईची मजुरी मिळे तेवढीच ओळख. ती संपली की मिरची तोडायला तेलंगणात.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यात बांबू आणि तेंदू ही गौण वनोपजे धरली गेली आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला ती गोळा करण्याचा, विकण्याचा अधिकार आला. गडचिरोलीत मेंढा-लेखाला आणि मर्द्याला २००९ मध्ये हक्क मिळाला. पण वाहतूक परवान्यावरून घोडे अडले. बांबू तुमचा, पण तो गावाबाहेर न्यायचा कागद आमच्याकडे! एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढच्याच वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले. त्या पुस्तकाला मी मेंढ्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणतो. लढाई जंगलाची म्हणून सुरू झाली आणि एका पावतीपुस्तकावर येऊन ठरली.

मेंढ्याच्या मागे मोहन हिराबाई हिरालाल होते. चंद्रपूरचा हा माणूस जानेवारी २०२५ मध्ये गेला. जयप्रकाशजींच्या आंदोलनातून ते आले, ‘वृक्षमित्र’ संस्था उभी केली, पण मेंढ्यात त्यांनी प्रकल्प नेला नाही. ते गावाबरोबर अभ्यासाला बसले. अभ्यास गटात चर्चा व्हायची, निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही सर्वांच्या संमतीने. मेंढ्याचेच देवाजी तोफा आणि गाव पुढे, हे मागे. मोहनभाऊंना स्वयंसेवक म्हणायचे की नाही कोण जाणे, पण बाहेरून येणाऱ्याने कुठे बसावे याचा धडा त्यांनी घालून दिला : खालच्या सतरंजीवर, वही उघडून.

आणि आता आपले पाचगाव.

याच गोंडपिपरी तालुक्यातले, साठेक घरांचे, बहुतांशी गोंड वस्तीचे गाव. २००९ मध्ये दावा, २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क. चंद्रपूरच्या ‘पर्यावरण मित्र’ संस्थेचे विजय देठे पाठीशी होते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पाचगावबद्दल इतके लिहिले की पुण्या-मुंबईच्या वाचकांना ते गोंडपिपरीच्या आधी माहीत झाले! बांबू ग्रामसभाच तोडते, तीच लिलाव करते, तीच मजुरी वाटते. कोटींच्या घरातली उलाढाल या साठ घरांच्या गावाने करून दाखवली. पण मला पाचगावचे दोन निर्णय बांबूपेक्षा मोठे वाटतात, आणि दोन्ही धंद्याच्या नजरेने पाहिले तर विचित्र आहेत.

पहिला : त्यांनी तेंदू सोडला. तेंदूत रोख पैसा आहे, मे महिन्यात घरात येणारा. पण नवी पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटतात, आग लावतात, आणि त्या आगीत बाकी सगळे जाते. गावाने बसून विचार केला आणि ठरवले, नको. दुसरा : जंगलातला सर्वांत चांगला, सुमारे ८५ एकरांचा तुकडा त्यांनी पेनांच्या, म्हणजे गोंडांच्या देवांच्या, नावाने राखून ठेवला. तिथे तोड नाही. माझ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण घातले तर तो ‘उत्पन्न बुडाले’ असे लिहील. कुमारप्पांनी मात्र त्याला पूर्ण गुण दिले असते. आगीत जाणारे रान पाचगावने खर्चाच्या बाजूला लिहिले. आमच्या पाठ्यपुस्तकात ती बाजूच नाही.

मग अशा गावाला एम.बी.ए. झालेला मुलगा हवा कशाला? हवा आहे, आणि कशाला ते नीट सांगतो.

बांबूच्या कटाईचे रजिस्टर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जाड पुठ्ठ्याचे, कडेला तेलकट बोटांचे डाग. वर तारीख आणि कक्ष क्रमांक. खाली ओळीने नावे, नावापुढे लांब बांबू किती, बंडल किती, दर, रक्कम, शेवटी सही नाही तर अंगठा. हे एक रजिस्टर. दुसरे डेपोचे, किती आले, किती गेले. तिसरे वाहतूक परवान्याचे पुस्तक. चौथे बँकेचे पासबुक. पाचवे ठरावाचे. ही पाचही एकमेकांशी जुळली पाहिजेत. कटाईत हजार बंडल आणि परवान्यावर नऊशे साठ असतील, तर चाळीस कुठे आहेत? डेपोत आहेत, मोजायला चुकले, की रात्री ट्रकमध्ये गेले? हा प्रश्न आठवड्यात विचारला तर उत्तर मिळते. वर्षाने विचारला तर भांडण मिळते. ग्रामसभा फुटतात त्या जंगलावरून नव्हे, या चाळीस बंडलांवरून.

पाचगावने तेंदू सोडला, पण जी गावे तो विकतात त्यांचे तर विचारूच नका. सत्तर पानांचे पुडके, हजार पुडक्यांची गोणी, फळीवर मोजणी, कंत्राटदाराचा मुन्शी समोर. लिलाव होतो पाने खुडण्याच्या कितीतरी आधी, भाव ठरतो तेव्हा झाडावर पालवीसुद्धा नसते. करारात काय लिहायचे? अनामत किती, हप्ते कधी, माल उचलण्याआधी पैसे की नंतर, उचल कमी झाली तर तोटा कोणाचा. २०१७ मध्ये तेंदूपानावर १८ टक्के जीएसटी लागला. अशा वेळी भाव करासह की कराशिवाय, एवढे चार शब्द करारात नसले तर भुर्दंड कोणावर पडतो, ते सांगायला नको. चढ्या भावाची बोली ऐकून सभा टाळ्या वाजवते, आणि बोली लावणारा पैसे देईल का हे तपासायचे राहून जाते. मागच्या तीन वर्षांचे त्याचे व्यवहार मागवा, असे म्हणणारा एक माणूस सभेत असला तरी पुष्कळ झाले. हे वित्त व्यवस्थापन आहे, मंडळी. पुस्तकात ते ‘पत-जोखीम’ या धड्यात येते, आणि मुलांना तो धडा कंटाळवाणा वाटतो.

तर मुलांना मी सांगतो, तुझा उपयोग हा आहे. पण त्याला दोन अटी आहेत, आणि त्या सोप्या नाहीत.

पहिली अट अशी की वही तुझ्या लॅपटॉपमध्ये राहता कामा नये. बाहेरून आलेला हुशार मुलगा पहिल्या महिन्यात सुंदर एक्सेल तयार करतो. रंगीत रकाने, आपोआप बेरजा. गाव खूश. दीड वर्षाने मुलगा जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, आणि गाव पूर्वी होते त्याच्या एक पाऊल मागे येते, कारण दरम्यान जुने रजिस्टर लिहायचे थांबलेले असते. असे मी या दोन जिल्ह्यांत पाहिले आहे, नावे सांगत नाही. त्यापेक्षा बारावी झालेली गावातली मुलगी बरोबर घ्यावी, पहिल्या दिवसापासून पेन तिच्या हातात द्यावे, आणि आपण फक्त बेरीज तपासावी. दर महिन्याला ग्रामसभेत वही मोठ्याने वाचली जावी, गोंडीत सांगायची तर गोंडीत. ज्या बाईने अंगठा दिला तिला आपल्या नावापुढचा आकडा कानाने ऐकता आला पाहिजे. कायद्याने करावे लागणारे लेखापरीक्षण त्यानंतर येते.

दुसरी अट मुदतीची. पीस कोअर दोन वर्षांसाठी माणूस पाठवत असे. आपल्या राज्यातली मुख्यमंत्री फेलोशिप साधारण वर्षभराची. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या जागा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या असतात. बांबूच्या कटाईचे चक्र मात्र साधारण तीन-चार वर्षांचे आहे : एका कक्षात तोड झाली की बेटाला पुन्हा हात लावायला तेवढा काळ थांबावे लागते. म्हणजे आलेला बहुतेक स्वयंसेवक आपण मोजलेल्या कक्षाची दुसरी तोड पाहतच नाही. पहिल्या तोडीत कोवळे कोंब राखले की ओरबाडले, हे त्याच्या अहवालात कधीच येत नाही. ते कळते त्याच्यानंतर आलेल्याला, आणि तो नव्याने ‘आधाररेखा पाहणी’ करत बसलेला असतो. कुमारप्पा वर्ध्याच्या मुलखात किती राहिले पाहा. चीन, जपान, रशिया असे फिरून आले, पण परत यायचे ठिकाण तेच. शेवटी वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला आश्रम करून राहिले. आजारपणाने दक्षिणेला गेले तेव्हाच हा मुलूख सुटला. १९६० च्या ३० जानेवारीला, गांधीजींच्याच तारखेला, मदुराईला त्यांचे निधन झाले.

परदेशात जाऊ नका, असे मी म्हणत नाही. जरूर जावे. नेपाळमध्ये लोकांच्या वन उपभोक्ता समित्या कितीतरी वर्षे जंगल सांभाळत आहेत, त्यांच्या वह्या पाहायला आपल्या मुलांनी गेलेच पाहिजे, आणि तिकडच्यांनी पाचगावला आले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांत आता गरीब म्हटल्या जाणाऱ्या देशांतलीच माणसे जास्त असतात. श्रीमंताने येऊन शिकवायचे आणि गरिबाने शिकायचे, ही जुनी रांग मोडते आहे. माझी तक्रार एवढीच की गोंडपिपरीचा मुलगा केनियातल्या सहकारी संस्थेचे हिशेब लावायला उत्सुक असतो आणि त्याला आपल्या तालुक्यातल्या ग्रामसभेचे खाते कोणत्या बँकेत आहे हे ठाऊक नसते. गडचिरोली-चंद्रपुरात आज सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा हजारावर आहेत. प्रत्येकीला वर्षाकाठी हिशेब बंद करायचा असतो. एवढी मोठी ‘प्लेसमेंट’ कुठल्या कंपनीने कधी काढली होती?

पगाराचे विचारणाऱ्या पालकांनाही उत्तर देणे लागते. ग्रामसभेने व्यवस्थापक ठेवावा आणि त्याला आपल्या उत्पन्नातून पगार द्यावा, देणगीदाराच्या पैशातून नव्हे. जो पैसे देतो त्याला माणूस हिशेब देतो, हा नियम कुमारप्पांपासून मुन्शीपर्यंत सगळ्यांना लागू आहे. दोन-तीन लहान गावांनी मिळून एक माणूस ठेवला तरी परवडेल. सुरुवातीचा पगार शहरापेक्षा कमी राहील, हे मान्य. पण त्यागाचा हार गळ्यात घालून कोणी येऊ नये. नोकरी म्हणून यावे, वेळेवर पगार मागावा, आणि रजा घेताना ग्रामसभेला अर्ज करावा.

माझ्यासमोर आज वाणिज्य शाखेची बरीच मुले बसली आहेत, म्हणून शेवटी कामाचे तेवढे सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो असे बहुतेक जण म्हणतात. सुट्टीत येऊ नका. तोवर तेंदूचे करार होऊन गेलेले असतात, बांबूची तोड उरकलेली असते आणि ३१ मार्चला वर्ष बंद झालेले असते. ज्याला खरेच यायचे आहे त्याने दिवाळीनंतर यावे, कटाई सुरू होताना यावे. आणि निदान चार वर्षांसाठी यावे.